समोरून ठोकलेली गाडी : खोलल्याशिवाय आकडा सांगू नका

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात एका ठरावीक तऱ्हेने चेपलेल्या गाड्या गॅरेजला येऊ लागतात. खालचा बंपर बऱ्यापैकी शाबूत, बोनेट मधोमध दुमडलेलं, वरची रेडिएटर सपोर्ट पट्टी इंजिनाला टेकलेली, दोन्ही हेडलाइट फुटलेले आणि बऱ्याचदा एअरबॅग उघडलेल्याच नाहीत. अंधारात, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीखाली गाडी घुसली की असं होतं. धक्का पचवण्याची सगळी रचना बंपरच्या उंचीला असते. आधी बीम, म्हणजे बंपरच्या आतली आडवी पट्टी, त्याच्या मागे धडकेत चुरगळणारे दोन डबे, म्हणजे क्रॅश बॉक्स, त्यामागे दोन चेसी लेग, म्हणजे केबिनपासून पुढे आलेले सांगाड्याचे दोन दांडे. ट्रॉलीची चौकट त्याच्या वर येते, बीम तिला भेटतच नाही आणि सगळा मार वरच्या नाजूक भागावर जातो. त्यामुळे बंपर बघून मार किती लागला याचा अंदाज करू नये, आणि उभ्या उभ्या "पन्नास हजारांत बसेल" असा आकडा तर अजिबात सांगू नये.

घाटातली धडक वेगळी असते. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या वळणावर समोरचा आपल्या बाजूला आला तर सहसा एकच कोपरा आदळतो. एका बाजूचा लेग आखूड होतो आणि दुसऱ्या बाजूचा, ज्याला काहीच लागलं नाही असं वाटतं, तो आडवा ओढला जातो. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना ताशी ५६ किमी वेगाने, गाडीच्या ४० टक्के रुंदीवर धडक देऊन चाचणी लागू झाली, ती रस्त्यावर अशाच धडका जास्त घातक ठरतात म्हणून. तिसरा प्रकार महामार्गाच्या दुभाजकाचा. बंपर फाटतो, पण खरं नुकसान खाली असतं : सबफ्रेम (इंजिनाखालची, सस्पेन्शन धरणारी चौकट), लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा), ऑइल सम्प (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी). रस्त्यात म्हैस आडवी आली तर मार पुन्हा वर लागतो, बोनेट मागे सरकून काचेपर्यंत जातं. धडक कशाला, कुठल्या उंचीला आणि कोणत्या कोनातून बसली हे आधी गाडीमालकाला विचारा. पाना त्यानंतर हातात घ्या.

रस्त्यावरच सांभाळायच्या गोष्टी

इंजिन पुन्हा सुरू करू नका. रेडिएटर फुटून कूलंट गेलेलं असेल तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. त्यामुळे काटा वर चढत नाही आणि चालवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. तेवढ्यात इंजिनाचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. विम्याच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या अंगावर. तावडे हॉटेल चौकापासून गॅरेज-कारखान्यांचं उद्यमनगर किती लांब आहे, हळूहळू नेऊ, हा विचार त्यामुळे महागात पडतो. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. पुढचा सस्पेन्शन वाकलेला असताना पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्सही जातो.

गाडी हलवण्याआधी फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतून, नंबर प्लेटसकट, शिवाय किलोमीटरचा आकडा, पुढची चाकं कोणत्या दिशेला वळलेली आहेत ते, आणि ज्याला धडक बसली ती वस्तू. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

गॅरेजला आल्यावर, बॅटरी धड असेल आणि वायरिंग उघडं पडलेलं नसेल तर आधी स्कॅनर लावून गाडीच्या सगळ्या मॉड्यूलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल डब्यांचे, बिघाडाचे कोड उतरवून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि कमीत कमी तीन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये त्यापेक्षा जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो. तार काढल्याबरोबर तो रिकामा होत नाही.

खोलणं, आणि विम्याचा हिशोब

पहिलं एस्टिमेट वरवरचं असतं आणि ते तसंच समजावं. विम्याच्या सर्व्हेअरची पहिली पाहणी झाली की बंपर, लाइट, फेंडर (चाकावरचा पत्रा), व्हील आर्चचं प्लास्टिक, बीम, कंडेन्सर (एसीची पुढची जाळी), रेडिएटर, पंखा या क्रमाने गाडी मोकळी करायची आणि आत जे सापडेल त्याचं पुरवणी एस्टिमेट दुसऱ्या पाहणीसाठी द्यायचं. काढलेला एकही भाग सर्व्हेअरने बघेपर्यंत भंगारात टाकू नका. हेडलाइटचा तुटलेला कान, पंख्याच्या पात्याने रेडिएटरवर काढलेला गोल ओरखडा, असल्या बारीक गोष्टींचे जवळून फोटो घ्या. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा सपोर्ट पट्टीवर एसीच्या गॅसचं वजन आणि प्रकार लिहिलेला स्टिकर असतो. तो भागच बदलायचा असेल तर आधी स्टिकरचा फोटो घ्या, नंतर तो आकडा शोधत बसावं लागतं.

मालकाच्या खिशातून किती जाणार हे त्याला सुरुवातीलाच सांगावं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर काहीच नाही, फायबरच्या भागांवर ३० टक्के. पत्र्यावर गाडीच्या वयानुसार : सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. म्हणजे साडेतीन वर्षांच्या गाडीला समजा १२ हजारांचं बोनेट लागलं तर ३ हजार मालकाचे, आणि ६ हजारांचा बंपर लागला तर त्यातलेही ३ हजार मालकाचेच. आताच्या गाड्यांच्या तोंडावर प्लास्टिक इतकं असतं की हा ५० टक्क्यांचा नियमच जास्त चावतो. वर १५०० सीसीपर्यंत एक हजार आणि त्यापुढे दोन हजारांची सक्तीची कपात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतली असेल तर घसारा वाचतो, ही कपात वाचत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती न परवडणारी, धरली जाते. आकडा त्या रेषेजवळ जात असेल तर सुटे भाग मागवण्याआधी मालक आणि सर्व्हेअर दोघांना समोरासमोर बसवा.

मोजमाप

सगळं काम इथे ठरतं, आणि घाईत सगळ्यात जास्त हेच टाळलं जातं. नवा फेंडर बसवून फट जुळत नाही म्हणून छिद्र लांबट करणं, बोनेटचा बिजागर ठोकून सरकवणं, हेडलाइटखाली वॉशर घालणं, ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची : खालचा सांगाडा जागेवर नव्हता आणि तो कुणी मोजला नाही.

मोजायच्या आधी नजरेने फिरा. ॲप्रनच्या, म्हणजे इंजिनाच्या खोलीच्या बाजूच्या पत्र्याच्या, जोडावरचं सीलर तडकलंय का, लेगच्या मुळाशी फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ, रंगाला बारीक सुरकुत्या आहेत का, पुढच्या दाराची वरची फट खालच्यापेक्षा वेगळी दिसते का, दार उघडताना खाली उतरतं का, छपरावर मधल्या खांबाच्या वर लाट आली आहे का. दाराच्या फटीत फरक पडला असेल तर मार इंजिनाची खोली ओलांडून केबिनपर्यंत गेलेला आहे. मग हे साध्या डेंटरचं काम राहत नाही, फ्रेम मशीन लागतं.

मोजायला ट्रॅम गेज लागतो, म्हणजे एक सरळ दांडी आणि तिच्यावर सरकणारी दोन टोकं. महागडं लेझर नसेल तर चौकोनी पाइपवर सरकणारे दोन पॉइंटर उद्यमनगरात कुणीही चोख करून देईल, आणि डावी-उजवी तुलना करायला तो पुरतो. सुरुवात धक्का न लागलेल्या जागेपासून करायची. केबिनच्या तळाला कंपनीने ठेवलेली गोल छिद्रं असतात, त्यांचे कर्ण आधी मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर पाया धड आहे. मग तिथून पुढे : सबफ्रेमचे बोल्ट, लेगच्या टोकांची छिद्रं, वर स्ट्रट टॉवरचे, म्हणजे शॉकअप जिथे वर बसतो त्या जागेचे, बोल्ट, फेंडरचा मागचा बोल्ट ते समोरच्या बाजूचा टॉवर. कर्णात ३ मिमीपर्यंतचा फरक सहसा चालतो. त्यापुढे गेला तर सांगाडा ओढावा लागेल. लेगची लांबी दोन्ही बाजूंनी फायरवॉलपासून वेगळी मोजा, कारण दोन्ही लेग एकाच बाजूला झुकले तर लांबी जवळपास सारखी राहते आणि फक्त कर्ण बोलतो. दोन्ही सारखेच आखूड झाले असतील तर कर्णही सारखेच येतात. तिथे कंपनीचा आकडाच हवा. तो आकडा सरळ टोकापासून टोकापर्यंतचा आहे की जमिनीला समांतर धरून मोजलेला, हे तक्त्यावर बघून घ्या. या एका गैरसमजात सहज ८-१० मिमी जातात आणि धड असलेला लेग ओढून वाकडा केला जातो.

ओढायची दिशा धडकेच्या उलट, आणि क्रमही उलटा : शेवटी जे वाकलं ते आधी सरळ करायचं. एका दणक्यात ओढू नका. थोडं ओढा, साखळीवर ताण ठेवून सुरकुतीच्या आजूबाजूला लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोका, ताण सोडा, मोजा. पत्रा परत मागे येतो, त्यामुळे किंचित जास्त ओढावं लागतं. गॅसचा बर्नर लावून लाल करणं पूर्ण बंद ठेवा. आताच्या गाड्यांच्या लेगमध्ये आणि खांबांमध्ये जास्त ताकदीचं स्टील असतं. ते तापवलं की बाहेरून तसंच दिसतं, पण ताकद गेलेली असते. पुढच्या धडकेत ते कुठे दुमडेल हे कुणीच सांगू शकत नाही.

काय सरळ करायचं आणि काय बदलायचं, याचा साधा नियम : गोलाईने वाकलं असेल तर सरळ होतं, घडी पडली असेल तर बदलायचं. बीम आणि क्रॅश बॉक्स मात्र गोलाईने वाकले तरी बदलायचेच, ते एकदाच वापरायचे भाग आहेत. लेगवर मुद्दाम ठेवलेल्या खोलगट रेषा आणि छिद्रं असतात. धडकेत लेगने तिथेच घडी घ्यावी म्हणून ती दिलेली असतात. "मजबूत करतो" म्हणून त्यावर पट्टी मारली तर धक्का लेगमध्ये न जिरता थेट केबिनमध्ये जातो. लेगचा तुकडा बदलायचा तर कंपनीने दाखवलेल्या जागीच कापायचा. कंपनीचे जितके स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, होते तितकेच परत मारायचे. स्पॉट मशीन पोचत नसेल तिथे ८ मिमीचं छिद्र पाडून सीओटू वेल्डिंगने भरायचं. जोडाच्या आत जस्ताचा वेल्ड प्रायमर, वर सीलर, आणि शेवटी पोकळीत मेणाचा फवारा. आपल्याकडच्या पावसात मेण न मारलेला लेग आतून गंजतो, आणि ते बाहेरून कळेपर्यंत पत्रा पातळ झालेला असतो.

खालची बाजू आणि इंजिन

सबफ्रेमच्या बोल्टजवळ टॉर्च धरून बघा. वॉशरच्या कडेला चंद्रकोरीसारखी चकचकीत, रंग गेलेली रेघ दिसली तर सबफ्रेम तेवढीच सरकलेली आहे. कधी ती ढिली करून गाइड पिनने जागेवर आणली तरी निम्मं अलाइनमेंट जुळतं.

अलाइनमेंटच्या मशीनवर फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, बघून गाडी सोडू नका. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आणि स्टीअरिंगच्या अक्षाचा कल, म्हणजे एसएआय, दोन्ही बाजूंचे छापून घ्या आणि त्यांची बेरीज करा. बेरीज दोन्हीकडे सारखी, पण सुटे आकडे वेगळे, तर टॉवर किंवा सबफ्रेम सरकलेली आहे. बेरीजच वेगळी आली तर नकल (चाकाचं हब धरणारा भाग) किंवा स्ट्रट (शॉकअप) वाकलेला आहे. एवढ्या एका हिशोबाने नको ते भाग बदलण्याचा खर्च वाचतो. दोन्ही चाकांच्या कॅस्टरमध्ये, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाच्या मागे-पुढे कलात, अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढत राहील, टायर कितीही अदलाबदल करा.

उद्यमनगरात काय दुरुस्त होत नाही, हा आपला सार्थ अभिमान आहे. पण कुठे थांबायचं तेही ठरलेलं असावं. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगचा माउंटिंगचा कान तुटला, तर चांगल्या कारागिराने आर्गॉन वेल्डिंग करून, छिद्र मशीनवर जागेवर घेऊन तो टिकाऊ होतो. नकल, लोअर आर्म, टाय रॉड, अलॉय व्हील यांना मात्र ना वेल्डिंग, ना तापवून सरळ करणं. ओतकामात रोज वावरणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको, चाकाचा भार पेलणाऱ्या ओतीव भागाची भेग वरून बुजते, आतून बुजत नाही.

इंजिन माउंटिंगचं रबर फाटलंय का ते इंजिन लोखंडी कांबेने हलवून बघा. क्रँक पुली, अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून तपासा. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट दोन मिमी वाकला तरी बेल्ट किंचाळतो आणि काही महिन्यांत कडेने झिजतो.

रेडिएटर, एसी, एअरबॅग

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेल्या असतात. केसाएवढी भेग थंड असताना गळत नाही. झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब पंपाने भरा आणि दहा मिनिटं काट्याकडे बघा. कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, आणि पंखा स्वतःहून निदान दोनदा सुरू-बंद होईपर्यंत गाडी सोडू नका.

कंडेन्सर फुटला की एसीचे पाइप त्याच मिनिटाला झाकून टाका. पावसाळ्यात उघड्या पाइपातून ओलावा आत जातो, तो शोषणारा ड्रायर निकामी होतो. कंडेन्सरसोबत ड्रायरही बदला. निघून गेलेल्या तेलाइतकं, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, त्याच जातीचं तेल घाला. किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते बघणं, आणि स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे वजन करून गॅस. हाताला गार लागला म्हणून थांबणं हे माप नव्हे.

एअरबॅगमध्ये तडजोड नाही. एअरबॅग उघडली असेल तर बॅग, प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) असलेले सीट बेल्ट आणि कंपनी सांगेल तसं मॉड्यूल, सगळं नवं. बॅग उघडली नसेल तरी बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा : तो अडकतो का, पट्ट्यावर बकलपाशी ताणाची चमक आहे का, बकल खाली खेचलं गेलंय का. पुढच्या पट्टीवरच्या, धडक ओळखणाऱ्या सेन्सरवर बाण असतो. तो पुढे तोंड करून, सपाट जागी, दिलेल्या टॉर्कवरच, म्हणजे ठरावीक जोराने आवळूनच, बसला पाहिजे. वाकड्या पट्टीवर बसवलेला सेन्सर चुकीची दिशा वाचतो. बॅगेच्या सर्किटला साधा मल्टीमीटर लावून ओहम मोजू नका, तेवढ्या करंटने बॅग फुटू शकते. बाजारात काही जण बॅगेऐवजी दोन ओहमचा रेझिस्टर जोडून दिवा घालवतात. त्या गाडीत बसणाऱ्याचा जीव त्या दोन रुपयांच्या तुकड्यावर टांगलेला असतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी स्कॅन करून घ्या, आणि स्टीअरिंगचं, डॅशबोर्डचं कव्हर बदललेलं दिसलं तर ते उघडून बघायला सांगा.

बंपरमागे रडार असेल तर त्यासमोरच्या भागावर पुट्टी, म्हणजे खळगे बुजवायचा लेप, अजिबात चालत नाही. बंपर नवा घ्या आणि रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, करून घ्या. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचंही.

जोडणी आणि रंग

रंगाआधी सगळं एकदा कच्चं जोडून बघा : बोनेट, फेंडर, लाइट, बंपर. फट दोन्हीकडे सारखी आली की मगच सगळं खोलून रंगाला. पत्र्यावर पुट्टी दोन-तीन मिमीच्या वर नको, त्यापेक्षा जास्त लागत असेल तर पत्रा नीट निघालेला नाही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत पुट्टी पाणी पिते. ओली घासली आणि नीट न वाळवता प्रायमर मारला तर काही महिन्यांनी फोड येतात. त्या दिवसांत कोरडी घासाई आणि गरम बूथ. बंपरच्या प्लास्टिकला आधी प्लास्टिक प्रायमर, नाहीतर पहिल्याच हाय-प्रेशर धुलाईत रंगाचे पापुद्रे निघतात.

बोनेटचं लॉक वाकलेलं असेल तर सरळ करू नका, नवं टाका. बोनेट बंद करून पहिला खटका सोडा आणि दुसरा, सुरक्षेचा खटका एकट्याने बोनेट धरतो का ते हाताने वर ओढून बघा. महामार्गावर बोनेट उडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसत नाही.

हेडलाइट शेवटी लावायचे. टायरमध्ये बरोबर हवा, सपाट जागा, भिंतीपासून ५ मीटर, आतला उंचीचा डायल शून्यावर. लाइटजवळ १ टक्का लिहिलं असेल तर डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापासून ५ सेंमी खाली पडली पाहिजे.

मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा : थोडा महामार्ग, थोडा खड्ड्यांचा रस्ता, एक-दोन जोरात ब्रेक. परत आल्यावर खालून गळती बघा, पुन्हा स्कॅन करा, सबफ्रेम आणि आर्मच्या बोल्टवर टॉर्क पाना फिरवा. मालकाला बिलाबरोबर आधीचा आणि नंतरचा अलाइनमेंटचा छापील कागद, कर्णांची मापं आणि बदललेल्या भागांचे फोटो द्या, आणि हजार किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासायला बोलवा.